खाजनातली मानस आणि कल्पनेचे श्रेय

वाचकाचे पत्र : मी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. २००३ साली एका दिवाळी अंकात माझी विज्ञानकथा छापून आली होती. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावरची मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, पाण्याचा खारटपणा स्वतः मोजते, स्वतःच उघडते-मिटते आणि शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवते, अशी तिची कल्पना होती. मानस हे कसे करते ते मी लिहिले नव्हते, कारण मला ते ठाऊक नव्हते. कोळंबीच्या लोभाने अवेळी दार उघडायला आलेला ठेकेदार आणि ती मानस यांचा रात्रीचा सामना हा कथेचा उत्तरार्ध होता. गेल्या महिन्यात अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी असेच उपकरण बनवल्याची बातमी वाचली. ‘अशी कल्पना आजवर कोणालाही सुचली नव्हती’ असे त्यात म्हटले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा म्हणतो, “आई, तू गोष्ट लिहिलीस, त्यांनी यंत्र केले. श्रेय यंत्र करणाऱ्याचे.” त्याचे खरे आहे का? वकिलामार्फत नोटीस पाठवावी, की गप्प बसावे?

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमची झोप उडाली यात गैर काही नाही, आणि हा मत्सर आहे असे स्वतःला बजावून ती तगमग दाबूनही टाकू नका. वीस वर्षांपूर्वी एकटीने बसून जे रचले, ते ‘कोणालाही सुचले नव्हते’ अशा शेऱ्यासह दुसऱ्यांच्या नावावर वाचायला मिळाले, तर कोणाही लिहिणाऱ्याच्या मनाला ते लागेल. मात्र तुमच्या पत्रात मालकी, श्रेय आणि नोंद या तीन निराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि त्या सोडवल्याशिवाय काय करावे ते ठरवता येणार नाही.

मालकीचा प्रश्न लवकर संपतो. नोटीस पाठवू नका. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखनाच्या मांडणीला संरक्षण देतो, तिच्यामागच्या कल्पनेला देत नाही. आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला गेल्याची एका नाटककाराची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की कल्पना, विषय आणि कथासूत्र यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. पेटंटचा मार्ग तर त्याहून अवघड आहे, कारण १९७० च्या पेटंट कायद्याला शोधाचे आणि तो प्रत्यक्षात उतरवण्याच्या पद्धतीचे पूर्ण वर्णन लागते. तुमची मानस खारटपणा कशाने मोजते, तिला वीज कुठून मिळते, खाऱ्या पाण्यात तिचे भाग गंजत कसे नाहीत, हे कथेने सांगितले नव्हते आणि कथेला ते सांगण्याची गरजही नव्हती. ते सारे त्या मुलांना सोडवावे लागले असणार.

म्हणूनच तुमच्या मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. ते निम्मे आधी मोकळेपणाने मान्य करू, म्हणजे उरलेल्या निम्म्याबद्दल ठामपणे बोलता येईल.

विज्ञानकथाकारांच्या श्रेयाचा विषय निघाला, की आर्थर क्लार्क यांचे नाव सर्वांत आधी येते, आणि ‘दळणवळणाचा उपग्रह त्यांनी शोधला’ असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती जरा गुंतागुंतीची आहे. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरेल, म्हणून तो आकाशात एका जागी स्थिर दिसेल आणि असे तीन उपग्रह बहुतेक सगळ्या जगाला संदेश पोहोचवतील, हे क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडले. पण ती कथा नव्हती, तो तांत्रिक लेख होता. त्या कक्षेचा विचार अभियंते हर्मान पोटोच्निक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पुस्तकात केलेला होता. शिवाय क्लार्क यांच्या चित्रातली स्थानके मोठी होती आणि तिथे माणसे राहून यंत्रे सांभाळणार होती. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या ह्यूज कंपनीतील हॅरल्ड रोझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कक्षेत जेमतेम ४० किलो भरणारा, स्वतःभोवती गिरकी घेत तोल सांभाळणारा, एकही माणूस न लागणारा उपग्रह घडवला. १९६३ मध्ये त्यांचा सिन्कॉम-२ चालला, १९६४ मध्ये सिन्कॉम-३ खरोखर एका जागी स्थिर झाला आणि टोकियो ऑलिंपिकची दृश्ये त्याने महासागरापलीकडे पोहोचवली. रोझन यांच्या त्या कामातला तसूभर वाटाही क्लार्क यांना देता येणार नाही.

तरीही त्या कक्षेला आज ‘क्लार्क कक्षा’ म्हणतात. १९७५-७६ मध्ये आपल्या देशातील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, तेव्हा इस्रोने क्लार्क यांच्या कोलंबोतील घरी तेच कार्यक्रम पकडणारी अँटेना बसवून दिली. मला हे प्रमाण योग्य वाटते. उपग्रह बनवणाऱ्यांचे नाव उपग्रहावर राहिले, दूरवरून ती जागा दाखवणाऱ्याचे नाव त्या जागेला मिळाले, आणि ज्यांनी ते प्रत्यक्षात आणले त्यांनी त्याच्या दारी जाऊन कृतज्ञता दाखवली.

आता तुमच्या बाजूचे निम्मे. यासाठी मला एच. जी. वेल्स आणि लिओ झिलार्ड यांची हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते, कारण या प्रश्नावर तिच्याइतका उजेड टाकणारे दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही. वेल्स यांची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही कादंबरी १९१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अणूतील ऊर्जा माणसाच्या हाती येते, तिचे बॉम्ब बनतात आणि शहरे बेचिराख होतात. अणू फोडायला लागणारा न्यूट्रॉन हा कण त्या वेळी माहीत नव्हता, तो १९३२ मध्ये सापडला. म्हणजे वेल्स यांच्याकडे बॉम्बची कृती असणे शक्यच नव्हते. हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ झिलार्ड यांनी १९३२ मध्ये ती कादंबरी वाचली. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९३३ मध्ये, अणुऊर्जेच्या गप्पा म्हणजे निव्वळ भ्रम अशा आशयाचे अणुशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांचे मत वर्तमानपत्रात छापून आले, आणि त्यावर विचार करीत लंडनच्या रस्त्याने चालताना झिलार्ड यांना साखळी अभिक्रियेची, म्हणजे एका अणूतून निघालेल्या न्यूट्रॉनांनी पुढचे अणू फोडत जाण्याची, कल्पना सुचली. १९३४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे तो शोध गुप्त राहावा म्हणून ते पेटंट ब्रिटिश नौदलाकडे सोपवले. तसे का केले, याचे कारण त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे : या गोष्टीचा अर्थ काय होईल हे मला ठाऊक होते, कारण मी वेल्स वाचला होता.

बाई, या कबुलीत झिलार्ड यांनी वेल्सकडून नेमके काय घेतले ते पाहा. त्यांनी भौतिकशास्त्र घेतले नाही, ते त्यांचे स्वतःचे होते. त्यांनी घेतले ते परिणामाचे भान. यंत्र अस्तित्वात येण्यापूर्वी त्याच्या सावलीत उभे राहिल्यास माणसांचे काय होईल, हे कादंबरीने त्यांना आधीच दाखवले होते, आणि त्या दर्शनामुळे एका शास्त्रज्ञाची प्रत्यक्ष कृती बदलली. हे ऋण खरे आहे, मोठे आहे, आणि ते यंत्राच्या श्रेयात मिसळण्याची गरज नाही. ‘गोष्ट लिहिलीस, यंत्र केले नाहीस’ या वाक्याला माझे उत्तर असे, की गोष्ट लिहिणारी व्यक्ती जे करते ते यंत्र करणाऱ्याच्या कामाचा अर्धवट नमुना नसते. ते निराळे काम असते आणि त्याचे श्रेयही निराळे मोजावे लागते.

या हकीकतीला आणखी एक टोक आहे. वेल्स यांनी ती कादंबरी अर्पण केली ती एका पुस्तकाला : रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांच्या रेडियमविषयीच्या ग्रंथाला. अणूत दडलेल्या ऊर्जेविषयी आपण जे लिहिले ते कोणाच्या अभ्यासावर उभे आहे, हे त्यांनी पहिल्याच पानावर नोंदवले. झिलार्ड यांनी वेल्सचे ऋण मानले त्याच्या कितीतरी आधी वेल्स यांनी सॉडींचे मानले होते.

इथे मला तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे. तुमच्या कथेतली मानस तुम्ही कोणाकडून घेतली? खाजनाच्या बांधातली जुनी लाकडी मानस मुळातच स्वतः उघडते आणि स्वतः मिटते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा तिची दारे मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर लोटते तेव्हा ती उघडतात, आणि त्यासाठी वीज लागत नाही की माणूस लागत नाही. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावकाऱ्यांनी ही व्यवस्था सांभाळली. चिखलाचे बांध, पाणी साठवणाऱ्या आतल्या पोंयी आणि खारट जमिनीतही तग धरणारा कोरगूट भात यांच्या जोरावर गोव्यातील सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन खाडीपासून राखली गेली. ज्याने पहिली मानस बसवली त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. तुम्ही त्या दाराला खारटपणाची जाण आणि निरोप पाठवणारी वाचा दिलीत, ही तुमची भर आहे आणि ती अस्सल आहे. परंतु दाराचे शहाणपण आधीचे आहे. विद्यार्थ्यांकडून तुम्ही जी एक ओळ अपेक्षिता, तशी ओळ त्या निनावी गावकाऱ्यांसाठी, किंवा लहानपणी बांधावर उभे करून तुम्हाला मानस दाखवणारे कोणी असेल तर त्या व्यक्तीसाठी, तुमच्या कथेच्या आरंभी आहे का? नसेल तर ती आता लिहिता येईल.

विद्यार्थ्यांबद्दल मला जे संभवनीय वाटते तेही सांगतो. त्यांनी तुमची कथा वाचली असण्याची शक्यता कमी आहे. २००३ च्या दिवाळीत त्यांपैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नसेल, किंवा ती पाळण्यात असतील. खारटपणा मोजणारी संवेदके आणि निरोप पाठवणारी छोटी उपकरणे स्वस्त झाली, की खाजनाकाठी वाढलेल्या कोणाही हुशार मुलाला हे दोन्ही जोडावेसे वाटेल. एकच कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचणे ही चोरी नव्हे. कोणी कोणाकडून काय घेतले, हे खात्रीने घेणाराच सांगू शकतो, आणि म्हणून कल्पनेचे खरे श्रेय बहुधा घेणाऱ्याच्या तोंडूनच येते.

आपल्या कांदोळीच्या आबे फारियांची गोष्ट या बाबतीत तुम्हाला धीर देईल. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा तुम्ही अनेकदा पाहिला असेल. संमोहनाची निद्रा संमोहन करणाऱ्याच्या अंगातून वाहणाऱ्या कोणत्याही चुंबकी द्रवामुळे येत नसून ती ज्याला येते त्याच्याच मनातून उपजते, हे फारियांनी पॅरिसमध्ये सांगितले, त्यापायी थट्टा सोसली, आणि १८१९ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ते वारले. पुढे अलेक्झांडर ड्यूमा यांनी त्यांचे नाव आपल्या कादंबरीतील तुरुंगात खितपत पडलेल्या एका विद्वान पाद्रीला दिले, आणि जगाने फारियांना ओळखले ते त्या रूपात, मनाच्या अभ्यासकाच्या रूपात नव्हे. म्हणजे कथा श्रेय मिळवून देते तशी ते झाकूनही टाकते. ते झाकण दूर केले ते त्याच वाटेने पुढे गेलेल्यांनी. फ्रान्समधल्या नान्सी येथील वैद्य बर्नहाइम यांनी सूचनेद्वारे संमोहनाची पद्धत उभी केली, तेव्हा तिचा पाया फारियांनी घातला हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. तुमची वीस वर्षे त्यामानाने फार नाहीत, आणि तुम्ही तर पत्र लिहून विचारू शकता.

माझ्या मते तुमच्या कथेचा मौल्यवान भाग उपकरणात नाही, उत्तरार्धात आहे. मानशीवर मासळी पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो, ठेकेदाराला खारे पाणी आत हवे असते कारण त्याबरोबर कोळंबी आत येते, शेतकऱ्याला ते नको असते कारण त्याचे भात कणसात आलेले असते, आणि दाराची कळ कोणाच्या हाती असावी यावरून गावे भांडतात, हे खाजनाच्या गावात राहणाऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. दार स्वतः निर्णय घेऊ लागले तर या भांडणाचे काय होईल, हा प्रश्न तुम्ही २००३ मध्ये विचारलात. उपकरणाने त्याचे उत्तर दिलेले नाही, कारण किती खारटपणाला दार मिटावे हा आकडा शेवटी कोणीतरी माणूसच त्यात भरणार.

तंत्रज्ञान साहित्याकडून वस्तू आणि शब्द आनंदाने उचलते आणि त्यांच्यासोबत आलेला प्रश्न मागे ठेवते, ही माझी या सगळ्या विषयातली खरी तक्रार आहे. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकाने जगाला ‘रोबोट’ हा शब्द दिला. तो शब्द आपल्या भावाने, योसेफने, सुचवला हे कारेल यांनी पुढे वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगितले, आणि त्यांच्या या सचोटीचे मला नेहमी कौतुक वाटते. चेक भाषेतल्या ‘रोबोटा’चा अर्थ वेठबिगार. नाटकाचा विषयच मुळी राबवून घेणे आणि राबणाऱ्यांचे बंड हा होता. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला तेव्हा नाव तेच होते, वेठबिगारीचा प्रश्न मात्र कोणी आत आणला नाही. असेच ‘मेटाव्हर्स’चे झाले. नील स्टीफन्सन यांनी १९९२ च्या कादंबरीत हा शब्द वापरला तो विस्कटलेल्या, कंपन्यांच्या ताब्यात गेलेल्या जगाच्या चित्रात. २०२१ मध्ये फेसबुकने त्यावरून कंपनीचे नाव घेतले, पण ते चित्र घेतले नाही. लेखकाला द्यायचे श्रेय शब्दापुरते दिले तर ते अपुरे आहे. त्याने विचारलेला प्रश्नही सोबत घेतला तरच ते पूर्ण होते.

तेव्हा गप्प बसू नका. दिवाळी अंकाची मूळ प्रत शोधा, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि कथेची सगळी पाने यांच्या दोन छायाप्रती काढा. त्यांपैकी एक विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत त्यांना पाठवा. सोबतच्या पत्रात आधी त्यांचे मनापासून अभिनंदन करा, कारण त्यांनी खरोखर अवघड काम केले आहे. मग एवढेच विचारा, की ही कथा त्यांच्या वाचनात आली होती का. आली असेल तर अहवालाच्या ऋणनिर्देशात तिचा उल्लेख करण्याची विनंती करा. तो तुमचा नैतिक हक्क आहे. आली नसेल तर ऋण नाही, पण कथेचा उत्तरार्ध वाचून दाराचा आकडा कोण ठरवणार याचा विचार करावा, अशी विनंती मात्र जरूर करा. पत्रात तुमच्या तक्रारीपेक्षा कथा पुढे असू द्या. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, कारण परीक्षकांनी नावाचा मान राखावा असे त्यांना नको होते. त्यांच्या कथेने आपले बक्षीस स्वतः मिळवले.

वर्तमानपत्राचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे तुमची बाजू पूर्ण भक्कम आहे. ‘कोणालाही सुचली नव्हती’ हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि तुमच्याकडे छापील पुरावा आहे. संपादकांना चार ओळींचे पत्र लिहा : अंकाचे वर्ष, कथेचे नाव, पृष्ठक्रमांक, आणि विद्यार्थ्यांनी ती वाचली असल्याचा आपला दावा नाही हे स्पष्ट वाक्य. हे श्रेय मागणे नव्हे, नोंद दुरुस्त करणे आहे, आणि त्यासाठी संकोच करण्याचे काहीच कारण नाही. दुसरी छायाप्रत पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला स्वीकारण्याची विनंती करा, म्हणजे पुढे कोणी शोधू लागला तर त्याला ती सापडेल.

कथा पुन्हा छापण्याचा योग आला तर आरंभीची ती ओळ कशी लिहावी, यासाठी एक नमुना सुचवतो. सतराव्या शतकात कोचीनचे डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष त्यांच्याच भाषेत आणि नागरी लिपीत छापलेली आहे. ‘स्थानिकांच्या मदतीने’ असे मोघम लिहून ऱ्हेडे यांना वेळ मारून नेता आली असती. त्याऐवजी त्यांची नावे, आणि त्यांनी काय काम केले ते, त्यांच्याच शब्दांत नोंदले गेले.

एक विनंती माझीही आहे. ठेकेदार रात्री मानशीपाशी येतो इथपर्यंतच तुम्ही पत्रात लिहिले आहे. दार उघडले की नाही ते सांगितलेले नाही. छायाप्रती काढाल तेव्हा एक जास्तीची काढून माझ्या पत्त्यावर पाठवा.